बिलाचा जाब बाईला, खरेदी मात्र दुसऱ्याच्या हाती

मे महिन्याचं वीजबिल हातात पडलं की घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो, "एवढं बिल आलंच कसं?" आणि विचारला जातो तो घरातल्या बाईला. दिवसभर घरी असते ना ती! पण गिझर कुठला घ्यायचा, पंखे कुठले, एसी कितीचा, हे ठरवताना तिला कितपत विचारलेलं असतं?

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा बायका भडाभडा बोलल्या. दुकानात किंमत बघून वस्तू घरात येते. किंमत एकदाच मोजायची असते, बिल मात्र पुढं दहा वर्षं भरायचं असतं. म्हणून खरेदीच्या वेळीच आपण तोंड उघडायला हवं.

साधं पंख्याचं घ्या. नेहमीचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रोज पंधरा तास चालला तर एका पंख्यामागं महिन्याला वीस युनिटांचा फरक पडतो. तीन पंखे असतील तर साठ! शंभरच्या पुढच्या युनिटांना दर जास्त, तीनशेच्या पुढं आणखी जास्त. म्हणजे वाचतात ती महागडी युनिटं. २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही स्टारचं लेबल सक्तीचं झालंय. त्यावर किती काळासाठीचं आहे तेही छापलेलं असतं. निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळं जुना पाच स्टार आजच्या पाच स्टारइतका नसतो. दुकानदाराला हे जरूर विचारा.

आता पाण्याचं बघू. बंबात शेणी-चिपाडं घालून पाणी तापवायचे दिवस बऱ्याच घरांतून गेले. धूर गेला हे फार चांगलं झालं. पण बंब बघूनच पेटवला जायचा, गिझर मात्र बटण दाबून विसरला जातो. पंधरा लिटर पाणी तापायला दोन हजार वॅटच्या गिझरला वीसेक मिनिटं लागतात, साधारण अर्धा-पाऊण युनिट. नंतर तो आपोआप बंद होतो, पण आतलं पाणी निवतं नि तो पुन्हा पुन्हा पेटतो. गिझरवरचे स्टार दिले जातात ते हीच गळती किती कमी आहे ते बघून. तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवलं तरी आंघोळीला पुरतं. सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ उरकल्या तर उत्तमच.

आपल्या शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनीची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांच्याकडं बोअरचं जड पाणी येतं, त्यांच्या गिझरच्या कॉईलवर पांढरा थर चढतो. पाणी फार कडक तापवलं की तो जास्तच साचतो आणि कॉईल जळते. वर्षातून एकदा माणूस बोलावून साफ करून घ्या. सोलर असेल तर नळ्यांवरची धूळ पुसायची. ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवलं की काजळी उडत येते, तेव्हा तर हमखास. गच्चीवरून न्हाणीपर्यंतच्या गरम पाण्याच्या पाइपला आवरण घातलं तर वाटेतली ऊब टिकते.

कौलारू घरं जाऊन स्लॅबची आली. स्लॅब दिवसभर तापतो नि रात्रभर ती धग खाली सोडतो. उन्हाळ्याच्या तोंडी गच्चीवर चुन्याचा पांढरा हात दिला, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताट्या किंवा पडदा बांधला, तर खोलीत फरक जाणवतो. कूलर लावताना खिडकी उघडी हवी, दमट हवेला बाहेर जायला वाट पाहिजे. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा कूलर चालवून उपयोग नाही. एसीचं उलट. दारं-खिडक्या घट्ट बंद, जाळी दर पंधरा दिवसांनी धुतलेली, बाहेरच्या पेटीपुढं अडगळ नाही. २०२० पासून स्टारवाला नवा एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतो. तिथंच राहू द्या आणि जोडीला पंखा लावा. एक अंश वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं केंद्राचा ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. काटकसर म्हटलं की आपण पहिल्यांदा स्वतःचा पंखा बंद करतो. भर दुपारी गॅससमोर घामाघूम होऊन भाकऱ्या थापतो, आणि बाहेरच्या रिकाम्या खोलीत पंखा गरगरत असतो. म्हाताऱ्या सासूबाईंना "दुपारी कशाला हवा पंखा?" असंही कुठं कुठं ऐकू येतं. ही बचत नव्हे. उन्हाचा त्रास म्हाताऱ्यांना, तान्ह्या बाळांना आणि गरोदर बाईला लवकर होतो. त्यांचा पंखा, त्यांचं गरम पाणी तोडून वाचवलेले पैसे दवाखान्यात जातात.

बचत यंत्रातून करायची, माणसातून नाही. पुढच्या महिन्याचं बिल आलं की घरातल्या सगळ्यांना जवळ बसवा, युनिट किती झाली ते मोठ्यानं वाचा, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. जाळी धुवायचं काम मुलाला द्या, गिझरचं बटण ज्याची आंघोळ शेवटची त्याच्याकडं. आणि घरात नवीन वस्तू घ्यायची ठरली की दुकानात तुम्हीही जा. बिलाचा जाब आपल्याला द्यावा लागतो, तर खरेदीत शब्दही आपला हवा.