धबधब्यांना मनाईहुकूम नको, राखणदार हवेत

संपादक महोदय,


आषाढ लागून सह्याद्रीच्या कड्यांवरून पाणी कोसळू लागले, की त्याच सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्यांतून धबधब्यांवर जाण्यास बंदी करणारे हुकूमही निघू लागतात, आणि आपल्या पत्रातून ते वाचताना, त्यांच्यामागील काळजीविषयी मनात पूर्ण आदर असूनही, ही वहिवाट चुकीची आहे असे मला दर वर्षी अधिकच तीव्रतेने वाटते.

दिनांक ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तो प्रसंग कोणीही सहृदय मनुष्य विसरू शकणार नाही. त्यानंतर पुणे जिल्ह्यात अनेक पर्यटनस्थळी निर्बंध जारी झाले आणि त्या घटकेला ते योग्यही होते. परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ज्या १६३ व्या कलमाखाली, म्हणजे पूर्वीच्या १४४ व्या कलमाखाली, असे हुकूम निघतात, ते कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे, आणि म्हणूनच त्याखालील हुकुमाला सामान्यतः दोन महिन्यांची मुदत घातलेली आहे. पावसाळा हा काही आकस्मिक प्रसंग नव्हे. जो दर वर्षी ठरल्या महिन्यात येतो, त्याच्यासाठी दर वर्षी आणीबाणीचे फर्मान काढावे लागणे याचा अर्थ इतकाच, की मधल्या आठ महिन्यांत करावयाची तजवीज कोणी केलेली नसते.

या पाण्याचा स्वभाव ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना धोका नेमका कोठे असतो हे ठाऊक आहे. आपल्या घाटातले ओढे लांबीने तोकडे आणि उताराने उभे. खाली काळा कातळ, त्यावर माती बेताची. त्यामुळे माथ्यावर पडलेली जोराची सर मुरत नाही, ती तशीच खाली धावत येते, आणि खाली आभाळ उघडे असतानाही पाणी पाहता पाहता गुडघ्यावरून कमरेला पोहोचते. त्याआधी ते काही खुणा देते. स्वच्छ प्रवाह गढुळतो, काटक्या आणि पालापाचोळा वाहून येऊ लागतो, वरच्या अंगाचा आवाज जड होतो. शहरातून आलेल्याला या खुणा उमगत नाहीत. त्याच ओढ्याकाठी गुरे राखीत वाढलेल्या मुलाला मात्र त्या शिकवाव्या लागत नाहीत. रायगड जिल्ह्यातील भिऱ्याजवळच्या देवकुंडाकडे रानातून, ओढे ओलांडीत जाणारी जी वाट आहे, तीवर आसपासच्या गावांतील तरुण वाटाडे म्हणून सोबत येतात, आणि परतल्यावर त्यांच्याच घरी तांदळाच्या भाकरीचे जेवण मिळते. मनाईहुकूम निघाला की सर्वांत आधी घरी बसतो तो हाच माणूस. पाण्यावर ज्याची नजर होती त्याला हुकूम दूर करतो आणि पाहुण्याला मात्र दूर ठेवू शकत नाही. गेल्या पावसाळ्यात आम्ही मित्रांनी पाहिले, की एका नाक्यावरून परत फिरवलेल्या गाड्यांपैकी कित्येक पुढच्याच वळणावर थांबल्या आणि त्यांतील मुले रस्त्याकडेच्या एका निनावी ओढ्यात उतरली, जेथे दोर नव्हता, फलक नव्हता आणि हाक मारायला गावचे कोणी नव्हते.

ही सहल म्हणजे रिकामटेकड्यांची चैन, असा एक समज या हुकुमांच्या मुळाशी आहे, आणि त्याचा मी कळकळीने प्रतिवाद करतो. निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या नोकऱ्यांत विखुरलेले मित्र वर्षातला एखादा रविवार राखून ठेवतात, अंधार असतानाच निघतात, घाटातल्या टपरीवर चहा घेतात, आणि जेथे पाण्याच्या गर्जनेत एकमेकांचा शब्दही ऐकू येत नाही अशा ठिकाणी ओल्या अंगाने नुसते उभे राहतात. त्या उभे राहण्यात वर्षभराची कोंडलेली मने मोकळी होतात. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला खाजगी विश्रामधामांच्या आवारात पाऊस आणि पाणी दोन्ही विकत मिळते. बंदीचा भार पडतो तो कारकुनावर, विद्यार्थ्यावर, कारखान्यातल्या कामगारावर, ज्याच्या आनंदाला एस. टी.च्या तिकिटाहून आणि भाकरीच्या ताटाहून जास्त खर्च परवडत नाही. हा आनंद राखण्यासाठी सरकारने श्रम घ्यावेत, इतकी त्याची योग्यता निश्चित आहे.

आणि असे श्रम घेता येतात, याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातलेली असून, शुल्क घेणे व राखण करणे हे काम भोवतालच्या गावांची समिती वनखात्याच्या साहाय्याने करते. त्याच जिल्ह्यात ठोसेघरला कठड्यांचे सज्जे बांधलेले असल्याने दरीत न उतरता धबधबा डोळे भरून पाहता येतो. नुसत्या फलकाने मात्र काही साधत नाही. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचे प्राण गेले, तेथे धोक्याची सूचना लावलेली होतीच.

मनुष्यबळ नाही, असे उत्तर मिळेल. नाक्यानाक्यावर गाड्या अडवण्यासाठी ते कसे मिळते? तेवढ्याच खर्चात प्रत्येक धबधब्यावर गावचे चार-सहा प्रशिक्षित राखणदार नेमता येतील, वरच्या अंगाला शिट्टी आणि बिनतारी यंत्रासह एक माणूस बसवता येईल, आणि पाणी चढू लागताच त्या तासापुरती, त्या दिवसापुरती जागा बंद करण्याचा अधिकार त्यांनाच देता येईल. मद्य पिऊन येणाऱ्याची गय करू नये. ज्या जागी निसरड्या कड्याच्या टोकावर उभे राहण्यावाचून दुसरी सोयच नाही, त्या जागा पावसाळाभर खुशाल बंद ठेवाव्यात. त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ही निवड प्रत्येक ओढा पाहून झाली पाहिजे.

यासाठी येत्या वैशाखातच जिल्हाधिकाऱ्यांनी संबंधित ग्रामपंचायती, वनखाते, पोलीस आणि लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी बचावकार्यात मुरलेली स्वयंसेवक पथके यांना एकत्र बोलवावे, धबधब्यागणिक स्वतंत्र जाबता ठरवावा, आणि पहिला पाऊस पडण्यापूर्वी तो गावच्या चावडीवर व आपल्यासारख्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे