सुपारीएवढा नेम

दर दिवाळीला या सदरात मराठीच्या प्राध्यापकाला शोभेल असा एखादा विषय मी घेतो, अशी संपादकांची समजूत आहे. यंदा ती मोडावी लागत आहे. यंदाचा विषय बंदूक. वाचकांनी घाबरू नये. बंदूक हवेची, तीही स्प्रिंगची, आणि शत्रू म्हणजे उंदीर.

गुहागरच्या वरच्या पाटात आमचे वडिलार्जित आगर आहे. चाळीसएक माड, त्यांच्या सावलीत पोफळी, मधोमध विहीर, आणि घरात ऐंशीला टेकलेली एकटी आत्या. गेल्या वर्षी मे महिन्यात गेलो, तर माडांच्या बुंध्याशी कोवळ्या फळांचा सडा पडलेला. उचलून पाहावे तर प्रत्येकाला देठाजवळ एक गोल भोक. माडावरचा उंदीर नारळ तयार होण्याची वाट पाहण्याइतका सोशीक नसतो. तो चार-सहा महिन्यांचे फळ पोखरतो, आतले पाणी पितो, कोवळे खोबरे खातो, आणि ते फळ पुढे चार दिवसांत गळून पडते. झावळ्या एकमेकींना लागलेल्या असल्या म्हणजे त्याला जमिनीवर उतरण्याचेही कारण पडत नाही. या शेंड्यावरून त्या शेंड्यावर तो पाहुण्यासारखा हिंडतो.

विष ठेवावे म्हटले, तर आत्याने ठाम नकार दिला. आदल्या पावसाळ्यात जवळपास कुठेतरी कुणीतरी विषाच्या वड्या ठेवल्या होत्या. ही औषधे रक्त गोठू देत नाहीत. उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस झिंगल्यासारखा फिरतो. असा एक झिंगलेला उंदीर आत्याच्या मांजरीने खाल्ला, आणि ती पडवीत आत्याच्या डोळ्यांदेखत गेली. "ते विष या घराचा उंबरा ओलांडणार नाही," आत्या म्हणाली. आत्याच्या वाक्यांना आमच्या घरात दुरुस्ती सुचवण्याची पद्धत नाही.

"मग मी बंदूक आणतो," मी म्हटले. या उद्गारामागचा एकमेव आधार असा की लहानपणी जत्रेत मी फुगे फोडत असे.

पुण्यात दुकानात गेलो. दुकानदाराने सर्वात लांब, सर्वात काळी आणि सर्वात महाग बंदूक पुढे ठेवली व म्हणाला, "सर, सेकंदाला हजार फूट!" मी प्रभावित झालो. भाषेच्या माणसाला आकड्यांची भुरळ लवकर पडते. पुढे कळले की हा वेग हलक्यात हलका छर्रा घालून काढलेला असतो, आणि हलका छर्रा जितक्या झपाट्याने निघतो तितक्याच झपाट्याने दमतो. शिवाय आवाजाच्या वेगाजवळ गेला की तो डगमगू लागतो, म्हणजे नेमाची वाट लागली. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दोनशे मीटरने गेला तर त्याचा जोर दहा ज्यूल होतो, आणि दहा-पंधरा पावलांवरच्या उंदराला तेवढा पुरून उरतो. जास्त जोर म्हणजे जास्त कडक स्प्रिंग, नळी मोडून ती ताणताना खांद्याला कळ, आणि चाप ओढल्यावर दुप्पट हिसका. मधल्या जोराची, हलकी, चाप मऊ असलेली बंदूक घ्यावी. पण हे शहाणपण माझ्याकडे पैसे मोजून झाल्यावर आले.

एका बाबतीत मात्र कायद्यानेच मला वाचवले. २०१६ च्या शस्त्र-नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरची नळी आणि वीस ज्यूलच्या आतला जोर असेल तर परवाना लागत नाही. साडेपाच मिलिमीटरच्या नळीला लागतो. त्यामुळे नळी कुठली घ्यावी हा वाद, ज्यावर शौकीन लोक रात्री जागवतात, तो माझ्यापुरता दुकानातच मिटला.

गणपतीच्या सुटीत बंदूक गुहागरला पोहोचली. आत्याने ती पाहिली, मखराकडे पाहिले आणि म्हणाली, "घरात गणपती बसलेला असताना त्याच्या वाहनावर नेम धरणार आहेस?" बंदूक पाच दिवस खुंटीला. त्या पाच दिवसांत आमच्या गड्याने तिची सेवा म्हणून नळीच्या मुळाशी, जिथून हवा सुटते त्या भोकात, पळीभर खोबरेल ओतले. पुढे मी चाप ओढला तेव्हा केवढातरी बार होऊन निळा धूर निघाला. दट्ट्या पुढे धावताना समोरची हवा इतकी तापते की तेलाचा भडका उडतो. त्याने स्प्रिंग आणि दट्ट्याचे चामडे दोन्ही खराब होतात. गडी मात्र खूश होता. "भाऊ, आता कशी बंदुकीवानी वाजली!"

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, तिन्हीसांजेला, विहिरीजवळच्या माडाच्या शेंड्यात काहीतरी हलले. गड्याने विजेरीचा झोत टाकला. दोन डोळे चमकले. अंतर पंचवीस पावले, तेही तिरपे वर. मी विहिरीच्या दगडी कठड्यावर नळी टेकवली, दस्ता खांद्यात घट्ट आवळला आणि चाप ओढला.

या एका वाक्यात चार चुका आहेत, आणि त्यांतली एकही मला त्या वेळी ठाऊक नव्हती.

स्प्रिंगच्या बंदुकीचा स्वभाव इतर बंदुकांसारखा नाही. चाप ओढला की जड दट्ट्या पुढे धावतो, म्हणून बंदूक मागे सरते. दट्ट्या हवेच्या उशीवर आपटतो, तशी ती पुढे हिसका खाते. आणि हे सगळे होत असताना छर्रा अजून नळीतच असतो! म्हणून तिला आवळून धरायचे नाही. डावा तळहात उघडा ठेवायचा, त्यावर ती नुसती विसावू द्यायची, दर वेळी त्याच जागी, आणि तिला हवे तसे उडू द्यायचे. दगडावर टेकवली तर ती दगडावरून उसळते आणि छर्रा भलतीकडे जातो. दुर्बीण बसवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. साधी दुर्बीण या पुढच्या हिसक्याने महिन्यात खिळखिळी होते, ती हवाई बंदुकीसाठी केलेलीच लागते.

मला वाटले, नेम चुकला. तेवढ्यात पलीकडच्या घराच्या पत्र्यावर टण्णदिशी काहीतरी पडले. छर्रा होता. तिथे अंगणात पोरे खेळत होती. माझ्या हातापायांतले पाणी गेले. आकाशाकडे नेम धरला की छर्रा कुठेतरी उतरणारच, हे समजायला काही पदवी लागत नाही, आणि मजपाशी तर दोन आहेत.

पण तो आधी उंदराला लागून गेला होता. रात्रभर शेंड्यातून चिरका आवाज येत राहिला. मी ओटीवर पडलो होतो, आत्या माजघरात. दोघेही जागे, दोघेही बोलत नव्हतो. पहाटे गडी कोयता घेऊन माडावर चढला. खाली उतरल्यावर कोयता विहिरीवर धुतला आणि मला म्हणाला, "मागचा पाय तुटलेला, भाऊ." आत्याने चहा पुढे ठेवला. मांजरीचे नाव तिने काढले नाही. काढले असते तर बरे वाटले असते.

मी बंदूक पुण्याला परत आणली आणि गच्चीवर, वाळूने भरलेल्या पोत्यापुढे कागद लावून बसलो. उंदराच्या अंगावर छर्रा लागला तर लागला, असे म्हणून चालत नाही. तो जागच्या जागी मरायचा तर डोक्यात लागला पाहिजे, आणि ती जागा एका सुपारीएवढी. तेव्हा कागदावर सुपारी ठेवून पेन्सिल फिरवली. दहा पावलांवरून पाच छर्रे मारले. दोन सुपारीत, एक बाहेर, एक कागदाच्या कडेला, पाचवा पोत्यालाही लागला नाही. जत्रेतले फुगे मोठे असतात हो!

पुढचे दोन महिने, रोज सकाळी वीस छर्रे. चार तऱ्हेच्या डब्या आणल्या; प्रत्येक नळीला एखादाच छर्रा मानवतो, आणि तो कुठला हे नळीलाच विचारावे लागते. माझ्या नळीला सर्वात महाग छर्रा मानवला नाही, हा तिचा माझ्यावर मोठा उपकार. रिकाम्या नळीने चाप कधी ओढू नये. समोर छर्रा नसला की हवेची उशी होत नाही आणि दट्ट्या थेट भिंतीवर आपटतो. छर्रा भरताना मोडलेली नळी एका हाताने घट्ट धरून ठेवावी, नाहीतर चाप निसटल्यास ती परत मिटते आणि बोटे मधे सापडतात. आणि ताणलेली बंदूक कोपऱ्यात उभी करून जेवायला बसू नये. मी एकदा बसलो होतो. सौभाग्यवतींनी त्यानंतर जे भाषण केले ते प्रसिद्धीसाठी नाही.

दिवाळीपर्यंत दहा पावलांवरून पाचांपैकी पाच सुपारीत पडू लागले. बारा पावलांवरूनही. पंधरावर एखादा बाहेर जाई. म्हणजे माझी बंदूक बारा पावलांची. दुकानदाराच्या हजार फुटांचा हिशेब असा बारा पावलांवर येऊन थांबला, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही.

दिवाळीच्या सुटीत गुहागरला गेलो तो माडाकडे मुळी पाहिलेच नाही. माडावरच्या उंदराला बंदूक हा उपायच नव्हे. त्याला उपाय पत्र्याचा: बुंध्याला पुरुषभराहून उंच, हातभर रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळायचा, म्हणजे नखे घसरतात, त्याआधी शेंडे साफ करायचे आणि एकमेकींत गेलेल्या झावळ्या तोडायच्या. गडी आणि मी चार दिवस तेच करत होतो. बंदूक ठेवली ती माळ्यावरच्या उंदरांसाठी, जे सुपारीच्या पोत्यांवर राज्य करत होते. माळ्याच्या टोकाला वाळूची दोन पोती रचली, त्यांच्यापुढे खोबऱ्याचा तुकडा ठेवला, आठ पावलांवर घोंगडी अंथरून बसलो. पहिल्या रात्री दोन उंदीर आले; एकही क्षणभर स्थिर राहिला नाही, म्हणून चाप ओढला नाही. दुसऱ्या रात्री एक आला, खोबऱ्यापाशी थबकला. तो तिथेच आडवा झाला. आठ रात्रींत पाच झाले. पाचही जागच्या जागी.

मेलेले उंदीर खोल खड्डा करून पुरले. छर्रा शिशाचा असतो. असा उंदीर उघड्यावर टाकला आणि घुबडाने किंवा मांजराने खाल्ला, तर विषाची वडी ठेवण्यात आणि यात फरक काय? छर्रे हाताळल्यावर जेवणापूर्वी हातही धुवावेत.

याच मुक्कामात एक शेजारी आले. वानरांनी त्यांची केळी, पपया, भोपळे, सगळे ओरबाडून नेले होते. "दोन दिवस बंदूक द्या," म्हणाले. त्यांचे नुकसान आमच्या नारळांच्या कितीतरी पट, आणि ते खोटे बोलत नव्हते. मी नाही म्हटले. वानराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, हे एक कारण. पण त्यांना मी सांगितले ते दुसरे: या छर्‍याने वानर मरत नाही, तो पोटात शिसे घेऊन महिनाभर कुजतो. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तुमचं ठीक आहे, तुम्हाला पगार आहे." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अजूनही नाही. ते अलीकडे आमच्या बेड्यावरून जाताना थांबत नाहीत.

या मे महिन्यात गेलो तेव्हा माडांखाली पडलेली फळे मोजली. सगळ्या आगरात मिळून सात, त्यांतली चार पत्रा सुटलेल्या एकाच माडाखाली. आत्या पडवीत बसली होती. गड्याने शहाळे उतरवून आणले. आत्याने ते माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "आधी देठाकडे बघून घे."