शब्द जमा, अर्थ उधार

मराठी माध्यमातून येऊन वाणिज्य शाखेत पाऊल टाकणाऱ्याला सर्वांत मोठी धास्ती असते ती इंग्रजीची. मीही त्याला अपवाद नव्हतो. शिकवणी लावण्याची ऐपत नव्हती, तेव्हा मोबाइललाच गुरू केले. यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि तंत्रज्ञानाच्या बातम्या यांतून रोज पाच-दहा शब्द पदरात पडू लागले. २०२२ साली ईलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलर्सना ट्विटर विकत घेतले. त्या व्यवहाराच्या बातम्या वाचूनच मला 'पॉयझन पिल' समजले : नको असलेल्या खरेदीदाराला रोखण्यासाठी इतर भागधारकांना स्वस्तात भाग देऊ करण्याची युक्ती! पुस्तकातली व्याख्या पाठ करूनही ते डोक्यात शिरले नव्हते. म्हणून या गुरूची निंदा मी करणार नाही.

पण एके दिवशी वर्गात सरांनी विचारले, "डेप्रिसिएशन म्हणजे काय?" मी आनंदाने उभा राहिलो. बातम्यांत हा शब्द शंभरदा वाचला होता. म्हटले, "रुपयाची घसरण!" सगळा वर्ग हसला. तास हिशेबशास्त्राचा होता. घरी आजोबांना विचारले, तर ते म्हणाले, "अरे, घसारा! यंत्र वापराने झिजते, तेवढी त्याची किंमत दरसाल वहीत कमी करायची." आयुष्यभर कीर्द-खतावणी लिहिलेल्या माणसाने एका वाक्यात शिकवले.

तेव्हापासून मला वाटू लागले, की जो इंग्रजी शब्द आपल्या भाषेत समजावून सांगता येत नाही, तो आपल्याला आलेलाच नाही. शिवाय हे शब्द पुष्कळदा मुखवटा घालून येतात. 'रिस्ट्रक्चरिंग' वाचताना काही भव्य चालले आहे असे वाटते. मराठीत सांगू गेले, की अनेकदा नोकरकपात निघते. ७ जानेवारी २००९ रोजी आपल्याच हैदराबादेतील सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ताळेबंदातील शिल्लक ५,०४० कोटी रुपयांनी फुगवल्याची पत्राने कबुली दिली. त्याला इंग्रजीत 'अकाउंटिंग फ्रॉड' म्हणतात. आजोबा म्हणतात, "तिजोरीत नसलेला पैसा वहीत दाखवला." यातले कोणते वाक्य अधिक कळते, ते वाचकांनीच ठरवावे. उद्या आपल्यापैकीच काहीजण हिशेब तपासनीस होणार आहेत. त्यांना शब्दाच्या आतले दिसलेच पाहिजे.

आता मी एक वही ठेवली आहे. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी अर्थ, तिसऱ्यात स्वतःचे वाक्य. माझा कन्नड मित्र दुसऱ्या रकान्यात कन्नड अर्थ लिहितो. रोज फक्त तीन शब्द. काही मित्र हसतात, "अजून मराठीतच अडकलास का?" त्यांना माझे नम्र उत्तर एवढेच : मित्रांनो, मातृभाषा म्हणजे इंग्रजीच्या वाटेतली धोंड नव्हे, ती आपली तेरीज आहे. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर कुठेतरी चूक झाली आहे हे तीच दाखवते.