रिकामा कोनाले म्हनता?

रामनवमीची यात्रा पांगली, की पोहरादेवीत दुसऱ्या दिवशी नारळाच्या शेंड्या आणि ओट्यावर बसलेली पोरं दिसतात. अशाच एका दिवशी शहरातले नोकरीवाले पाहुणे घरी आले होते. माझा पुतण्या मोबाइल घेऊन बसलेला. त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "आजकालच्या पोट्ट्यायले कामच नको." पुतण्या न बोलता उठून गेला. मीही पाहुण्यांचा मान राखून गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून सलतं.

हाच पोट्टा दिवाळीच्या आगेमागे बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो. पहाटे अंधारात फडात उतरायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. पाच-सहा महिने हेच. आळशी माणूस हे करतो का?

मग गावात तो बसून का असतो? कारण गावातलं काम आटलं. माझ्या लहानपणी वावरात ज्वारी आणि कापूस. निंदण, खुरपण, कापणी, वेचणी; बायाबापड्यांच्या हाताला महिनोन् महिने काम असायचं. आता सोयाबीन. पेरलं, तणनाशक मारलं, मळणीयंत्रातून काढलं, झालं. निंदणाची मजुरी फवाऱ्याच्या पंपात गेली. चार एकरांत घरची पाच माणसं राबताना दिसतात, पण काम दोघांचंच असतं.

आणि सरकारी हिशेब? आठवड्याच्या मोजणीत मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तासभर जरी काम केलं, तरी माणूस रोजगारात धरला जातो. म्हणजे यात्रेत अर्धा दिवस नारळाची पोती उचलणारा माझा पुतण्या त्या आठवड्यात बेरोजगार नाही! पाहुण्यांच्या लेखी तो आळशी, कागदाच्या लेखी कामावर. त्याची खरी अडचण दोन्हीकडे नाही.

लोक म्हणतात, बेरोजगारी ज्याची त्याची. चूक. पुतण्याला मजुरी मिळाली, तर तो किराणावाल्याची उधारी फेडतो, किराणावाला लेकराला कपडे घेतो, शिंप्याचं मशीन चालतं. एकच नोट गावात चार हात फिरते. मजुरी थांबली, की चारही हात थांबतात. मग मुकादमाची उचल घ्यावी लागते. ती जुन्या देण्यात आणि दवाखान्यात जाते. माणूस फडात पोचण्याआधीच त्याची मजुरी खर्च झालेली असते. तांड्यात म्हातारी माणसं आणि कुलुपं राहतात, शाळेतली लेकरं मायबापामागं जातात. उद्या तीही कोयताच धरतील.

आम्हा बंजाऱ्यांना हे नवं नाही. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. रेल्वे आली, लदेणी बुडाली. मग इंग्रजांनी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्यात कित्येक भटक्या जमाती अडकल्या, आमचे तांडेही सुटले नाहीत. आधी काम गेलं, मग माणसालाच नाव ठेवलं. पाहुण्यांनी तेच केलं, फक्त गोड शब्दांत.

याच मातीतले, गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ चा दुष्काळ पडला. तेव्हा लाखो माणसं रोजगार हमीवर राबली. बांध, तलाव, रस्ते झाले. १९७७ साली त्याचा कायदा झाला. काम मागितलं आणि पंधरा दिवसांत मिळालं नाही, तर भत्ता, असं त्या कायद्यानं कबूल केलं. त्याच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. म्हणजे पाहुण्यांच्या पगारपत्रकावरची ती रक्कम आमच्या हाताला काम मिळावं म्हणूनच सुरू झाली होती. तिचं काय झालं, हे त्यांनी कधी विचारलं?

मागणं मोठं नाही. सोयाबीन निघाल्यावर, मुकादम दारात येण्याआधी, गावात काम निघावं आणि मजुरी वेळेवर हातात पडावी. तेवढं झालं आणि तरीही पोट्टा ओट्यावर बसलेला दिसला, तर मी स्वतः त्याला उठवीन. तवर त्याले रिकामा म्हनू नका.