भाऊ, डोळ्याचा ड्रॉप द्या

आमच्या यवतमाळकडे 'ड्रॉप' हे जणू एकाच औषधाचं नाव आहे. डोळे आले, ड्रॉप. कचरा गेला, ड्रॉप. खाज सुटली, ड्रॉप. मेडिकलवर जाऊन "भाऊ, डोळ्याचा ड्रॉप द्या" म्हणायचं, की भाऊ देतो. कुठला, हे विचारायची पद्धत नाही. ती पडायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. (मी डॉक्टर नाही, साधा सॉफ्टवेअरवाला. पण घरातल्या सगळ्या बाटल्यांवरचं बारीक अक्षर वाचायचं खातं माझ्याकडे आहे!)

खाजेला आमच्याकडे कारणांची कमी नाही. धुऱ्यापासून बसस्टँडपर्यंत गाजर गवत, जिनिंगमधली उडणारी रुई, उन्हाळ्यातली धूळ. अ‍ॅलर्जीत बहुतेक वेळा दोन्ही डोळे खाजतात, पाणी येतं, जोडीला शिंका असतात. सकाळी पापण्या चिकटल्या, घाण येऊ लागली तर ते बहुधा 'डोळे येणं', जसं २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर आलं होतं. अ‍ॅलर्जीचा ड्रॉप त्या जंतूंचं काही करत नाही.

आता खरी मेख. खाजेवर चांगला आराम देणारा एक ड्रॉप असतो स्टेरॉईडचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी नावं, बऱ्याचदा अँटिबायोटिकच्या जोडीने एकाच बाटलीत. डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरलेल्या दिवसांपुरतं ते उत्तम औषध आहे. पण कुणाच्या तरी ऑपरेशननंतर उरलेली बाटली घरभर फिरते, आणि दर उन्हाळ्यात मुलाच्या डोळ्यात पडते. त्याने काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो. दुखत नाही, कळत नाही, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदू होतो तो वेगळाच. आमच्या धंद्यात याला म्हणतात, एरर मेसेज बंद केला आणि प्रोग्रॅम सुधारला असं समजलं. दर उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या मुलाला एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्याच. लहान मुलांमधली ही अ‍ॅलर्जी कधीकधी बुबुळापर्यंत जाते.

डोळे पांढरेशुभ्र करणारे ड्रॉपही असतात, नॅफाझोलीनवाले. रोज टाकत राहिलं की थांबवल्यावर लाली उलट जास्त येते. ते घरात ठेवलेच तर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेलं तर धोका आहे.

मग अ‍ॅलर्जीचा ड्रॉप कोणता? खोक्यावर ओलोपॅटाडीन किंवा केटोटिफेन हे नाव शोधा. ओलोपॅटाडीन ०.१ टक्के असेल तर साधारण सकाळ-संध्याकाळ, ०.२ टक्के असेल तर दिवसातून एकदाच. म्हणजे नाव एकच, पण टक्का पाहिल्याशिवाय डोस कळत नाही. आमचे एक काकाजी तीन-तीन थेंब टाकतात. डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही हो, बाकीचा गालावरून जातो! हात धुवा, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका, थेंब टाकून डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. दुसरा ड्रॉप असेल तर मध्ये पाच मिनिटं. लेन्स वापरणाऱ्यांनी त्या काढून टाकावा, पंधरा मिनिटांनी परत घालाव्यात. डोळा लाल असेल तर घालूच नयेत. बाटली फोडल्याची तारीख पेनाने लिहा, महिनाभराने फेका. दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल तर मात्र ड्रॉपचा नाद सोडून डॉक्टर.

अंधुक दिसण्यावरून यवतमाळकरांना २०१७ आठवलं पाहिजे. त्या साली पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, आणि फवाऱ्याचं औषध (हो, त्यालाही आपण 'औषध'च म्हणतो) थेट तोंडावर येत होतं. कित्येकांनी दोन-तीन औषधं मिसळून मारली. जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले, आणि त्यातल्या अनेकांची तक्रार डोळ्यांची होती. काहींना काही काळ दिसेनासं झालं.

फवारणीनंतर डोळे चुरचुरले तर ती अ‍ॅलर्जी समजू नका. आधी स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटं डोळे धुवा, कपडे बदला, अंग धुवा. सोबत मळमळ, घाम, लाळ किंवा अंधुक दिसणं असेल तर धुण्यापुरतं थांबून लगेच दवाखान्यात, आणि जाताना फवाऱ्याच्या औषधाचा डबा सोबत न्या. ड्रॉप टाकून घरी पडून राहण्यात जे तास जातात, ते परत मिळत नाहीत.

म्हणून माझी मेडिकलवाल्या भावांकडे एकच मागणी आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर, गिऱ्हाईक काउंटरवर डोळे चोळत उभं राहिलं की बाटली काढण्याआधी विचारा, "आज फवारणी केली का?"