फाटकाची किल्ली कोणाकडे?

"सर, तुमच्या वायफायचा पासवर्ड वाचून दाखवू का?"

कस्टमर केअरच्या मुलाने इतक्या प्रेमाने विचारलं की मी पटकन "हो" म्हणून बसलो. आणि त्याने खरंच वाचून दाखवला! दिवाळीत अमरावतीला गेलो होतो तेव्हा तो पासवर्ड मी स्वतः बदलला होता. आई, बाबा आणि मी, तिघांनाच माहीत. म्हणजे माझा तसा समज होता :)

त्या मुलाची काही चूक नाही. कंपनी घरात बसवून जाते तो डबा लांबून चालवता येतो. त्यासाठीचं टीआर-069 नावाचं प्रमाण 2004 सालापासून आहे. कंपनीचा सर्व्हर त्यातून डब्याची सेटिंग्ज बदलतो, नवं फर्मवेअर टाकतो. सोय आहेच, नाही कशाला म्हणू? पण दार म्हटलं की ते दुसऱ्यालाही सापडतं. नोव्हेंबर 2016 मध्ये जर्मनीत याच व्यवस्थेच्या पोर्टवर हल्ला झाला आणि डॉइच टेलिकॉमच्या सुमारे 9 लाख ग्राहकांचं नेट कोलमडलं. आपल्याकडे जुलै 2017 मध्ये बीएसएनएलचे हजारो मोडेम मालवेअरने बंद पाडले. कारण? कारखान्यातून आलेला 'ॲडमिन' हाच पासवर्ड कोणी बदललेलाच नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या घरात चोरण्यासारखं आहे काय? माझ्या घरचं सांगतो. दारावरचा कॅमेरा, बाबांचा बँकेचा मोबाईल आणि मी सुट्टीत नेतो तो ऑफिसचा लॅपटॉप, सगळं त्याच एका डब्यावर. म्हणून माझं सरळ मत आहे: कंपनीच्या डब्यामागे आपला स्वतःचा राऊटर असावा.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "नेट चालू हाये ना? मंग कायले त्याच्या मांगं लागला?"

त्यांना मी रस्त्याचं उदाहरण दिलं. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरची डांबरी लेन 105 तास 33 मिनिटांत टाकली, गिनीजमध्ये नोंद झाली. मस्त रस्ता आहे. पण रस्ता ज्यांनी केला त्यांना आपण घराच्या फाटकाची किल्ली देतो का? बाबा हसले. परवानगी मिळाली.

काम तासाभराचं आहे. फायबरचा डबा काढायचा नाही. त्याची कंपनीकडे नोंद असते, तो काढला तर नेटच बंद. त्याच्या लॅन पोर्टमधून वायर काढून आपल्या राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये घालायची. दोघांचेही पत्ते 192.168.1 ने सुरू होत असतील तर भांडण लागतं, म्हणून आपल्या राऊटरला 192.168.50 सारखी वेगळी मालिका द्यायची. मग घरातली सगळी उपकरणं आपल्या वायफायवर आणायची.

याला डबल नॅट म्हणतात आणि इंजिनियर लोक नाकं मुरडतात. पण व्हिडिओ, बँक, ऑफिसचा व्हीपीएन, माझं तरी काही अडलं नाही. अडतं ते बाहेरून घरात यायचं असेल तेव्हा: घरचा सर्व्हर, काही गेम्स. त्यावर खरा उपाय ब्रिज मोड. म्हणजे कंपनीचा डबा फक्त प्रकाशाचे सिग्नल उलगडतो, बाकी सगळं आपला राऊटर बघतो. तो बहुधा कंपनीलाच चालू करून द्यावा लागतो. मी मागितला तर "सर, तसा ऑप्शन नाही" असं उत्तर मिळालं. असो.

एक भ्रम मात्र नको. तुम्ही कुठल्या साईटवर जाता हे कंपनीला तरीही बरंचसं कळतं, कारण रस्ता तिचाच. फक्त घरात कोण आहे, काय जोडलेलं आहे आणि पासवर्ड काय, हे आपल्यापाशी राहतं.

अमरावतीच्या यशाने फुशारून मी अकोल्याला मावशीकडेही हाच उद्योग केला. ती एकटीच राहते. मी पुण्याला पोचलो आणि दोन दिवसांत फोन: "बाप्पा! काय करून गेला रे तू? माह्या सिरिअली बंद पडल्या ना!" तिने टेक्निशियनला बोलावलं. तो बघून म्हणाला, आमचा डबा ठीक आहे, तुमच्या भाच्याचा राऊटर बिघडला. आणि बरोबर होतं त्याचं! लाईट जाऊन आल्यावर माझाच राऊटर अडकला होता. मावशी तीन दिवस बिना नेटची.

तेव्हा कळलं, किल्ली घेतली की चौकीदारीही आपलीच. आता तिच्याकडे दोन्ही डबे छोट्या यूपीएसवर आहेत, कंपनीचं वायफाय नवा पासवर्ड टाकून चालू ठेवलंय आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी आहे: "नेट गेलं तर मोबाईल या दुसऱ्या वायफायला जोड. मग मला फोन कर." कॅमेरा आणि टीव्ही मात्र माझ्याच राऊटरवर. पूर्ण शुद्ध उपाय नाही, पण मावशी खूश आहे.

जर्मनीत 1 ऑगस्ट 2016 पासून ग्राहकाला स्वतःचा राऊटर लावायचा कायदेशीर हक्क आहे. कंपनीला जोडणीची माहिती द्यावीच लागते. मला तेवढंही नको. मागेल त्याला ब्रिज मोड मिळावा, इतकंच. ज्याला नको त्याने कंपनीचा डबा खुशाल वापरावा, माझ्या बाबांसारखे बरेच जण त्यात सुखी आहेत. पण ज्याला आपल्या फाटकाला आपलं कुलूप लावायचं आहे, त्याला "ऑप्शन नाही" हे उत्तर चालणार नाही.

या शनिवारी घरी असाल तर निदान एक करा: डब्याखालचा स्टिकर वाचा आणि बघा, तुमचा पासवर्ड अजून तोच आहे का?