लखनौतील स्वस्त खोली

सहलीचा बेत ठरला की प्रथम भाड्याचा आकडा पाहावा आणि मग गावाचा नकाशा, ही मध्यमवर्गीय पर्यटकाची जुनी रीत आहे. लखनौच्या बाबतीत ही रीत त्याला बहुधा वृंदावन योजनेत नेऊन सोडते. रायबरेली मार्गावरील ही आवास विकास परिषदेची प्रशस्त वसाहत. फेब्रुवारी 2020 मधील संरक्षणसामग्री प्रदर्शन आणि 2023 मधील जागतिक गुंतवणूकदार परिषद येथेच भरली होती. रस्ते रुंद, वातावरण शांत, अतिथिगृहांचे भाडेही माफक. तरीही केवळ शहर पाहावयास आलेल्या कुटुंबाने येथे उतरणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

हजरतगंज येथून दहा-बारा किलोमीटरवर आहे. मार्च 2019 पासून विमानतळ ते मुन्शीपुलिया धावणारी मेट्रो कानपूर मार्गाने जाते. या वसाहतीला तिचा उपयोग नाही. समजा, भाड्यात रोज 700 रुपये वाचले आणि टॅक्सीच्या एका फेरीस 300 रुपये पडले. सकाळी जाऊन रात्री परतल्यास हाती 100 रुपये उरतात. सोबत वृद्ध आईवडील असतील आणि दुपारी विश्रांतीसाठी परतावे लागले, तर चार फेऱ्यांचे 1200 रुपये होऊन बचत उलट अंगावर येते. प्रवासात गेलेल्या वेळाचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. थंडीच्या दिवसांत चौकातील मक्खन मलाई सकाळीच संपते. दूर राहणाऱ्याच्या वाट्याला ती क्वचितच येते!

त्यापेक्षा हुसैनगंज, लालबाग, कैसरबाग या पट्ट्यातील साधे हॉटेल पाहावे. रेसिडेन्सी जवळ पडते, मोठा इमामबाडाही फार दूर नाही. मराठी माणसाने कैसरबाग तर चुकवूच नये. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने 1926 साली स्थापन झालेले मॅरिस संगीत महाविद्यालय, म्हणजे आजचे भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय, येथेच आहे. चारबाग स्थानकालगतची हॉटेले मात्र पहाटेची गाडी पकडणाऱ्यांसाठीच बरी.

अर्थात मध्यवस्तीतील स्वस्ताई डोळसपणे पारखली पाहिजे. जून 2018 मध्ये चारबाग येथे आणि 5 सप्टेंबर 2022 रोजी हजरतगंज भागात हॉटेलांना आगी लागून माणसे दगावली. खोलीतील दूरचित्रवाणी संच किती मोठा आहे, हे विचारणारे पुष्कळ. दुसरा जिना कोठे आहे आणि खिडकीला पक्की जाळी ठोकली आहे काय, हे विचारणारे विरळा. ही चौकशी सामान उतरवण्यापूर्वी व्हावी. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास दुसरे हॉटेल शोधण्यात संकोच कसला?

आगाऊ रक्कम भरतानाही असाच काटेकोरपणा हवा. 22 सप्टेंबर 2025 पासून प्रतिदिन 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर 5 टक्के आहे. देयकात त्याहून अधिक आकारणी दिसल्यास कारण विचारावे. परताव्याच्या नावाखाली कोणी यूपीआय पिन मागितला, तर तो सरळ फसवणुकीचा प्रकार समजावा, कारण पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागतच नाही.

वृंदावन योजनेतील अतिथिगृहांचा खरा उपयोग वेगळ्याच प्रवाशांना आहे. संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था याच मार्गावर आहे. रुग्णासोबत दोन-तीन आठवडे राहावे लागणाऱ्या नातेवाइकांना हजरतगंजची झगमग काय कामाची? त्यांना रुग्णालयाजवळची, घरगुती जेवणाची सोय असलेली, आठवड्याच्या दराने मिळणारी खोली हवी असते, आणि तशी खोली शोधण्यास हीच वसाहत योग्य.